सडा आणि सड्यावरची माणसं: एका मिडीयम फॉरमॅट प्रकल्पाच्या नोंदी

३१ ऑगस्ट २०२४, पुणे

कॅमेरा आला एकदाचा, मिडीयम फॉरमॅट, म्हणजे ज्याचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) नेहमीच्या कॅमेऱ्यांहून मोठा असतो तो. फुजीफिल्म जीएफएक्स ५०आर, सेकंडहँड, २०१८ चं मॉडेल. सोबत दोन लेन्स, ६३ एमएम एफ/२.८ आणि ३२-६४ एमएम एफ/४. एमएमचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं आणि शार्प पट्टा अरुंद. एवढ्यावरच या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत राजापूरकडचा सडा करायचा आणि सड्यावर ज्यांचं पोट आहे ती माणसं पण. दोन्ही एकाच कॅमेऱ्यावर.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगते, सडा म्हणजे कोकणातलं जांभ्याचं पठार. सपाट, उघडं, वर मातीचा जेमतेम थर किंवा तोही नाही, नुसता कातळ. चार महिने तळी न् फुलं, मग गवत, मग वाळकं गवत, मग वणवा, मग काळा कातळ आणि ऊन. आमचं गाव सड्याच्या कडेला खाली उतारावर, त्यामुळे लहानपणापासून सडा म्हणजे "वर" एवढंच माहीत होतं. वर गुरं गेली, वर गवत कापायला गेले.

आता आकडे, कारण हे विचारणारे भेटतातच. सेन्सर ४३.८ बाय ३२.९ मिमी, ५१.४ मेगापिक्सेल. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या मापाचा सेन्सर, ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळात हा साधारण १.७ पट. पण फिल्मच्या काळातल्या मिडीयम फॉरमॅटची, ६४५ मापाची निगेटिव्ह ५६ बाय ४१.५ असायची, ती याच्याहून केवढी तरी मोठी, त्यामुळे "हे कसलं मिडीयम फॉरमॅट" म्हणणाऱ्यांचं गणित बरोबरच आहे. फेज वन कंपनीचा मोठा सेन्सर ५३.४ बाय ४० आहे, त्याच्या किमतीत मात्र गावाकडे घर दुरुस्त होऊन वर विहीर होईल. १०० मेगापिक्सेलवाले जीएफएक्स पण बघितले होते, २०१९ चा १०० आणि २०२१ चा १००एस. त्यात बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, फोकस फेज डिटेक्ट नावाच्या पद्धतीवर चालतो, पटकन लागतो. माझ्यात यातलं काही नाही. फोकस जरा पुढं मागं करून मग ठरवतो, हात हलला तर फोटो हलला. त्यामुळे ट्रायपॉड आलाच.

८ सप्टेंबर २०२४, गाव

गणपतीला आलेच आहे तर सकाळी साडेपाचला वर. गेंद फुललाय, पांढरे ठिपकेच ठिपके, आणि पाणी साठलेल्या उथळ जागांत सीतेची आसवं, निळी-जांभळी, वीतभर उंच पण नाहीत. यांच्यासाठीच ३२-६४ घेतली होती, ३२ ला लावून जमिनीलगत, समोर फुलं, मागे कातळ, त्याच्या मागे समुद्राची रेघ.

आणि इथेच मोठ्या सेन्सरचं बिल फाटतं. ३२ एमएम, एफ/११, पुस्तकातल्या नेहमीच्या हिशेबाने हायपरफोकल (जिथे फोकस लावला की त्याच्या निम्म्या अंतरापासून क्षितिजापर्यंत शार्प येतं ते अंतर) अडीच मीटरच्या आसपास येतं, म्हणजे सव्वा मीटरपासून पुढं सगळं शार्प. पण तो हिशेब छोट्या प्रिंटचा. मला मोठी प्रिंट करायची आणि लोक जवळ जाऊन बघणार, तर शार्पची व्याख्या कडक करावी लागते, मग तोच आकडा सहा मीटरच्या पुढं जातो आणि तीन मीटरच्या अलीकडचं सगळं कच्चं. फुलं तर माझ्यापासून हातभर अंतरावर. एफ/२२ ला गेलं की डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरल्याने, सगळंच जरा मऊ होतं, म्हणजे ज्या डिटेलसाठी कॅमेरा घेतला तेच आपण हाताने पुसायचं.

उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग, चार-पाच फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून नंतर जोडायचे. सड्यावर वारा. सतत. गेंदाचा दांडा बघा किती बारीक असतो, प्रत्येक फ्रेममध्ये तो वेगळ्या जागी. सॉफ्टवेअरने जोडून दाखवलं की एकेका फुलाला तीन तीन डोकी. सकाळी सूर्य यायच्या आधी वीसेक मिनिटं वारा पडतो तेवढ्यात एक सेट जमला, तो बरा आहे.

घरी आल्यावर आत्या म्हणाली, एवढ्या लवकर जाऊन चिखलात लोळून आलीस, कुठली फुलं आणलीस पूजेला? म्हटलं, कार्डात आहेत.

२२ सप्टेंबर २०२४, पुणे

फाइली बघितल्या. एकेक रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) साठेक एमबीची, तेही लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवून. जुना लॅपटॉप एक फोटो उघडला की पंखा सोडतो.

पण शॅडो उचलण्यात मजा आहे राव. ढगांसाठी एक्स्पोजर ठेवलं होतं, खाली कातळ जवळजवळ काळा. साडेतीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर आणला आणि ओल्या दगडावरचं शेवाळ, त्यात अडकलेलं पाणी, सगळं बाहेर आलं, ना जांभळे डाग ना खरखर. हाच, म्हणजे याच घराण्यातला ५१ मेगापिक्सेलचा सेन्सर २०१४ ला पेंटॅक्स ६४५झेडमध्ये होता, म्हणजे दहा वर्षांचा म्हातारा झाला, तरी आयएसओ १०० ला त्याची फाइल आजही ओढावी तेवढी ओढली जाते. फोनवर टाकलं की कोणालाच फरक कळत नाही हेही लिहून ठेवते. १०८० पिक्सेलच्या चौकोनात सगळे कॅमेरे सारखेच.

२० ऑक्टोबर २०२४, गाव

गवत कापणी. यावेळी पोर्ट्रेट. पुण्यातून ११० एमएम एफ/२ भाड्याने आणली, एक किलोची लेन्स, जीएफएक्सवाल्यांच्या तोंडी हिचंच नाव असतं. फुल फ्रेमच्या भाषेत साधारण ८७ एमएम, आणि धूसरपणाच्या भाषेत एफ/१.६ सारखी. म्हटलं बघू तरी.

वरच्या वाडीतल्या काकी गवत कापत होत्या. म्हणाल्या: "गो बाय, माझो कसलो फोटो काढतंस, घामान भिजलंय." आणि मग विळा कमरेला खोचून, पदर सारखा करून, अगदी ताठ उभ्या राहिल्या, पासपोर्टच्या फोटोला उभं राहतात तशा. मी ५०आरचा मागचा स्क्रीन वर दुमडून कॅमेरा पोटाशी धरला, वरून खाली बघत. याचा एक फायदा, तोंडासमोर काळा डबा नसतो, समोरच्याला आपण दिसतो, बोलता येतं. बोलता बोलता त्या सैल झाल्या. गवताला यंदा भाव काय, पेंढ्या उचलायला माणूस मिळत नाही, मुलगा बोरिवलीला, सून चांगली आहे पण इकडे रमत नाही.

फोकस प्रत्येक वेळी जरा मागे-पुढे करून मग लागतो, आणि दोन मीटरवरून एफ/२ ला शार्प पट्टा साधारण पाच सेंटीमीटरचा. काकी वाऱ्याने जरा हलल्या की डोळा सोडून कानातली कुडी शार्प. पण जे जमले ते स्क्रीनवरच असे दिसत होते की मी तिथेच मोठ्याने "वा" म्हटलं आणि काकींनी विचारलं काय झालं.

१० नोव्हेंबर २०२४, पुणे

दिवाळी आटपली, आता निवांत बसून ११० वाले फोटो बघितले. मोठे केले, भुवईचा केस न् केस, गालावरच्या रेषा, चेहऱ्यावरचा प्रकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतका हळूहळू उतरतो की कुठे उजेड संपला आणि सावली लागली ते बोट ठेवून सांगता येत नाही. सावळ्या त्वचेवर दुपारच्या उन्हाचा झगझगीत पट्टा आला तरी पांढरा फटक पडत नाही. हे मला आधीच्या कॅमेऱ्यात कधी मिळालं नव्हतं, उगाच नाही म्हणणार नाही.

आणि तरीही या फोटोंतला एकही प्रकल्पात जाणार नाही असं वाटायला लागलंय.

कारण मागे काय आहे? पिवळसर काहीतरी. सुंदर, लोण्यासारखं मऊ पिवळसर काहीतरी. ते गवत आहे हे मला माहीत आहे म्हणून. काकी तिथे उभ्या आहेत की पुण्यात एखाद्या बागेत, काही पत्ता नाही. ज्या सड्यासाठी हा सगळा उपद्व्याप चाललाय तोच एफ/२ ने धुवून टाकला. त्याच दिवशी ६३ ने एफ/११ ला सहज म्हणून दोन फ्रेम काढल्या होत्या, तीन मीटरवरून, काकी पायापासून, हातात भारा बांधायची दोरी. तिथे शार्प पट्टा साधारण सव्वादोन मीटरपासून साडेचारपर्यंत, त्याच्या मागचं मऊ होत जातं पण ओळखू येतं. मागची उडवी (गवताची गंजी), तिच्या मधोमधचा बांबू, गडगा (दगडी कुंपण), गडग्यावर टाकलेली कोणाची तरी गोधडी. त्या फोटोत काकी जास्त काकी आहेत.

मिडीयम फॉरमॅट पोर्ट्रेट म्हटलं की सगळीकडे हेच दाखवतात, एक डोळा शार्प आणि बाकी धुकं. लेन्स विकायला ते बरं पडतं. माणूस ज्या जागेवर राबतो ती जागा पुसून मग चेहऱ्यात "व्यक्तिमत्त्व" शोधायचं, हा मला आता जरा अजबच प्रकार वाटतो. मोठ्या सेन्सरचा खरा उपयोग मला तरी उलटा दिसतोय. फ्रेमच्या उंचीच्या एक तृतीयांश एवढाच माणूस ठेवला तरी प्रिंटमध्ये त्याच्या डोळ्यांतलं बघता येतं. म्हणजे जवळ जायची, बाकी सगळं कापून टाकायची गरजच राहत नाही.

ठरलं. पोर्ट्रेट पण लँडस्केपसारखी काढायची. ६३, एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड. ११० परत केली. जड मनाने, ते मान्य.

१५ डिसेंबर २०२४, गाव

आंब्याच्या बागेत. सड्याच्या कडेने सुरुंग लावून, खड्डे पाडून, बाहेरून माती आणून भरून त्यात कलमं लावलेली, कातळावर बाग उभी करायचा हा उद्योग दोन-तीन पिढ्यांचा. मोहोर यायला लागलाय. राखणीला नेपाळी दादा, बायको न् छोटी मुलगी, मांगरात (बागेतल्या खोपटात) राहतात. रत्नागिरीच्या बागांतून आता बऱ्याच ठिकाणी हेच चित्र, हापूसची राखण नेपाळी माणूस करतो आणि त्याच्या मुलीला माझ्यापेक्षा अस्सल इकडची भाषा येते.

दादाने खास इस्त्रीचा शर्ट घातला, बारीक निळ्या चौकटींचा. आणि त्या चौकटींवर इंद्रधनुष्य! मॉइरे. या सेन्सरवर लो-पास फिल्टर (बारीक डिटेल जरा मऊ करणारा) नाही, त्यामुळे डिटेल कडक मिळतं पण कपड्याची वीण आणि पिक्सेलची जाळी जुळली की असे रंगीत पट्टे उमटतात. शर्ट बदला म्हणणं बरं दिसत नाही, हौसेने घातलाय. अर्धा मीटर मागे सरकले, एफ/१६ केलं, डिफ्रॅक्शनने थोडं मऊ झालं तेच इथे कामाला आलं, पट्टे गेले. सिंथेटिक साड्यांच्या बारीक नक्षीवर पण हेच होणार, लक्षात ठेवायचं. उलट जुनी सुती नऊवारी काहीच त्रास देत नाही.

मुलीचा फोटो हलला. तीन वर्षांचं पोर आणि हा फोकस, जाऊ दे.

१२ जानेवारी २०२५, कशेळी

कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब, १३ रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, कशेळी, बारसू, उक्षी, देवीहसोळ वगैरे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ धरून. तेव्हापासून बघायला येणारे वाढले, सगळे ड्रोन घेऊन. ड्रोनमधून हत्ती पूर्ण दिसतो हे खरं, पण माणसाच्या उंचीवरून तो कधीच पूर्ण दिसत नाही. कोरणाऱ्याला तरी तो कसा दिसला असेल? मला तोच फोटो हवा होता, उभं राहून दिसतो तसा, म्हणजे रेषांचा गुंता.

कोरीवकाम उथळ. दुपारी गेलात तर दगडावर ओरखडे आहेत एवढंच कळतं. सूर्य मावळायच्या आधीचा अर्धा तास, उजेड आडवा घासत येतो, प्रत्येक चरीला स्वतःची सावली पडते आणि मग एकदम सोंड, पाय, पाठीची कमान. सावलीच्या आतला दगडही दिसायला हवा, तिथे हा सेन्सर पुन्हा कामाला आला.

कॅमेऱ्यात ६५:२४ चा लांबुळका आकार पण आहे. फुजीचाच १९९८ चा पॅनोरामावाला फिल्म कॅमेरा होता, बाहेर हॅसलब्लाडच्या एक्सपॅन या नावाने विकला गेला, तो आकार इथे आणलाय. वरखाली कापूनही २५ मेगापिक्सेल उरतात. सडा सपाट, त्यामुळे मोह होतोच, आणि तिथल्या तिथे लावून बघितलं तर फारच भारी दिसतं, सिनेमासारखं. पण त्यात आभाळ जातं. सड्यावर उभं राहिल्यावर अर्ध्याहून जास्त तर आभाळच असतं. शिवाय माणसांचे फोटो ४:३ आणि जमीन ६५:२४ असं केलं की भिंतीवर माणसं वेगळी, जमीन वेगळी अशी दोन प्रदर्शनं होतील. सगळं ४:३. सगळं आडवं. माणसंही आडव्या फ्रेममध्ये.

१६ फेब्रुवारी २०२५, चिरेखाण

ही नोंद मोठी होणार.

सड्याचंच पोट कापून चिरे (बांधकामाचे चौकोनी दगड) काढतात. सपाट पठारावर चालता चालता एकदम चौकोनी खड्डा, दोन-तीन पुरुष खोल, भिंती सुरीने कापल्यासारख्या उभ्या, पायऱ्या पायऱ्यांच्या. वरचा कातळ उन्हापावसाने काळवंडलेला, आणि कापलं की आत भगवा, लाल, मधेच पिवळ्या भेगा. इतके महिने मी ज्या जमिनीचे फोटो काढतेय तिचा आतला रंग हा आहे हे आधी माहीत होतं, म्हणजे घराच्या भिंती त्याच्याच आहेत, तरी खड्ड्यात उतरल्यावर जरा गप्पच झाले.

रुळावरून चालणारं यंत्र, त्याला गोल पातं, एकदा आडवं एकदा उभं कापत जातं आणि मग माणसं पहारीने चिरा सुटा करून उचलतात. आणि धूळ. पिठासारखी बारीक लाल धूळ, हवेत तरंगतच असते. लेन्स बदलायचा प्रश्नच नाही. सकाळी खोलीवर ६३ लावली, कॅमेरा पिशवीत घालून तोंड बांधलं आणि संध्याकाळी खोलीवर येईपर्यंत काढली नाही. जीएफएक्सचा सेन्सर आरशाविना, लेन्स काढली की समोर उघडाच, आणि एवढ्या मोठ्या सेन्सरला साफ करायचे स्वॅबही वेगळ्या मापाचे, तालुक्याला काय जिल्ह्यालाही मिळत नाहीत. एफ/११ च्या पुढं आभाळात एकेक कण काळा ठिपका होऊन उमटतो. फुंकणी, मऊ ब्रश, आणि संध्याकाळी पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला एक फोटो काढून तपासणी, हा नेम ठेवलाय.

कामगार विजापूरकडचे. आपसात कानडी, माझ्याशी मराठी. फोटोला कोणाचीच ना नव्हती, फक्त मुकादमाचं म्हणणं जेवणाच्या सुट्टीत काढा, काम थांबायला नको. जेवणाची सुट्टी म्हणजे टळटळीत दुपार, प्रकाशाला सगळ्यात वाईट वेळ. पण खड्ड्यात वेगळंच चालू होतं. एका बाजूच्या भिंतीवर ऊन, समोरच्या बाजूला सावली, आणि उन्हातल्या त्या लाल भिंतीवरून परत येणारा उजेड सावलीत बसलेल्यांच्या चेहऱ्यावर. वीस फुटी रिफ्लेक्टर, फुकट. फक्त लाल. चेहरे सगळे तांब्याचे.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा लाली काढायला बघतो आणि चेहरे राखाडी-हिरवट. उन्हाचं फिक्स ठेवलं. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगळा लावला, कारण पांढरा आलेख सगळं ठीक म्हणत असतो आणि लाल चॅनेल कधीच उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो. एक पूर्ण स्टॉप कमी एक्स्पोजर. प्रीव्ह्यूला प्रो निगेटिव्ह स्टँडर्ड ही फुजीची रंगांची सेटिंग, मऊ आहे, चेहऱ्यांना बरी पडते.

पाचजण चिऱ्यांच्या थप्पीवर डबे उघडून बसलेले. भाकरी, शेंगाचटणी, मला पण दिली, तिखटाने डोळ्यांत पाणी, त्यांना हसायला कारण. मग त्यातला सगळ्यात तरुण, एकोणीस-वीसचा असेल, म्हणाला माझा एकट्याचा काढा. भिंतीला टेकून उभा राहिला. केस, भुवया, पापण्या, सगळ्यावर लाल थर, फक्त डोळे न् दात पांढरे. मी साडेतीन मीटरवर, एफ/११, एक बटा साठ सेकंद, आयएसओ ४००. भिंतीवर पात्याच्या रेघा, आडव्या उभ्या, त्याच्या पाठीमागून थेट फ्रेमबाहेर जातात. त्याच्या शर्टवर पण तीच धूळ, त्याच रेघा घामाने पडलेल्या.

आत्ता खोलीवर शंभर टक्के मोठा करून बघितला. पापणीवरची धूळ आणि भिंतीवरची धूळ एकाच दाण्याची दिसते. याच्यासाठी ५१ मेगापिक्सेल. मी ११० परत केली ते बरोबरच होतं.

त्याने विचारलं होतं, फोटो पासपोर्टच्या मापात मिळेल का, बँकेत खात्याला लागतो. म्हटलं, मिळेल की. हाच फोटो चालणार नाही, चेहरा धुऊन परत उभा राहा. राहिला.

१६ मार्च २०२५, गाव

शिमगा. गाव भरलं, चाकरमानी आले, पालखी घरोघर फिरतेय. काकींचा बोरिवलीवाला मुलगा, सून, नातू सगळे आलेत, त्यामुळे सड्यावर न्यायला आयती माणसं. वणवा येऊन गेलाय, सडा काळाकुट्ट, राखेवर पाऊल टाकलं की खालचा दगड दिसतो.

सून म्हणाली मागचं ब्लर होईल ना? पोर्ट्रेट मोडसारखं? म्हटलं नाही होणार. ती जरा नाराज. मुलगा मात्र मागे वळून बघत होता, कुठे कुठे जळलंय ते.

एकदा फ्लॅश वापरला. भर उन्हात टोपीखाली डोळे काळे पडतात म्हणून. जीएफएक्सची फ्लॅशची मर्यादा एक बटा १२५ सेकंद, त्याहून वेगवान शटरला साधा फ्लॅश जुळत नाही, म्हणजे आयएसओ १०० ला कडक उन्हात एफ/१६ च्या आसपासच राहावं लागतं. ज्यांना एफ/२ हवं त्यांनी सहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा) फिल्टर लावायचा नाहीतर हायस्पीड सिंकमध्ये फ्लॅशची ताकद घालवायची, नाहीतर हॅसलब्लाडच्या लेन्समधलं शटर घ्यायचं, ते बऱ्याच लेन्समध्ये एक बटा २००० पर्यंत जातं. मला हवंच होतं एफ/११ ते १६, त्यामुळे अडलं नाही. तरी फ्लॅशवाले फोटो नको वाटतात, माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. छत्री धरली नातवाने, तीच बरी.

१३ एप्रिल २०२५, पुणे

चाचणी प्रिंट. ३०० डीपीआयला फाइल साडेसत्तावीस इंचापर्यंत जाते. मी २४ बाय १८ ठरवलं, ३४४ डीपीआय पडतो, आणि सगळ्यांना एकच माप. कातळशिल्पाचा हत्ती २४ इंच आणि खाणीतला मुलगा २४ इंच.

मॅट कॉटन पेपर घेतला, ३०८ जीएसएम. पावसातल्या ओल्या कातळाचा काळा मॅटवर जरा बसतो, ग्लॉसीइतका खोल नाही. सॉफ्टप्रूफमध्ये (प्रिंट कशी येईल त्याचा स्क्रीनवरचा अंदाज) खालच्या टोनांना थोडा उठाव दिला की चालतंय. लाल मात्र दोनदा बदलावा लागला. पहिल्यांदा विटेसारखा आला, जांभा विटेच्या रंगाचा नसतो, त्यात एक तपकिरी मळकटपणा लागतो. शेवटी गावाहून आणलेला दगडाचा तुकडा प्रिंटशेजारी ठेवून जुळवला. लॅबवाल्या दादांनी तो दगड ठेवूनच घेतला.

११ मे २०२५, गाव

प्रिंटा घेऊन आले. पालखी बसते त्या सहाणेवरच्या पडवीत दोरी बांधून दोन दिवस लावल्या, काच नाही फ्रेम नाही, चिमटे. उन्हाळ्यामुळे गावात माणसं होतीच.

लोक कसे बघतात हे बघायला मिळालं. कोणीच लांबून बघत नाही. नाक लावून. काकींनी स्वतःचा फोटो बघितला, चेहऱ्याकडे एक नजर, "काळी दिसतंय", आणि मग बोट थेट मागच्या गडग्यावर. ही गोधडी अमक्यांची, पावसात हरवली म्हणून भांडण झालं होतं, ती ही! उडवीच्या बांबूवरून दोघा म्हाताऱ्यांची चर्चा, तो कोणाच्या बेटातला. खाणीतल्या मुलाला कोणी ओळखत नव्हतं, पण भिंत बघून खाण कोणाची आणि कोणत्या वर्षी तिथपर्यंत कापली ते तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. गेंदाच्या फोटोपुढे सगळ्यात कमी माणसं, फुलं काय, रोजची.

नेपाळी दादांची प्रिंट त्यांना देऊन टाकली, गुंडाळून नळीत घालून. हंगाम संपला की घेऊन जाणार म्हणाले. खाणीतल्या मुलाचे पासपोर्ट फोटो मुकादमाकडे दिलेत, मोठी प्रिंट ठेवायला जागा नाही म्हणाला, ती माझ्याकडेच.

२७ मे २०२५, पुणे

पाऊस आलासुद्धा. जूनचा पहिला आठवडा धरून सगळं आखलं होतं आणि परवा २५ तारखेलाच मान्सून कोकणात दाखल. गावाहून फोन, सड्यावर तळी भरली, आंबा झाडावर होता तो गेला.

कॅमेरा ड्राय कॅबिनेटमध्ये, ४५ टक्के दमटपणावर. मागच्या पावसाळ्यात नुसत्या सिलिका जेलवर भागवलं होतं, कोकणातली हवा लेन्सच्या काचेत बुरशी धरायला किती वेळ लावते ते नात्यातल्या दोन जणांकडे बघितलंय, धोका नको.

राहिलेलं काम म्हणजे दीपकाडी. कोकणच्या सड्यांवरचीच वनस्पती, पांढरी फुलं, पावसाच्या सुरुवातीला येतात आणि मी गेल्या वर्षी कॅमेरा घेतला तोवर संपली होती. पाऊस लवकर म्हणजे फुलंही लवकर येणार असं आत्याचं म्हणणं. स्टॅकिंग करणार नाही. ६३, एफ/११, दोन-अडीच मीटरवरून, मागे कोणीतरी गुरं घेऊन जात असेल तर उत्तमच. रजेचा अर्ज टाकलाय, १४ जूनच्या शनिवारी निघायचं. रेनकव्हर या मापाचं मिळालं नाही, आत्याला जाड प्लॅस्टिकचं शिवायला सांगितलंय, तिने लेन्सचं माप मागितलंय ते आज रात्री पाठवायचं.